असोद्याहून धुळ्याला, अडखळत

असोद्यातून निघताना नानांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि गाडीने लगेच गचका दिला. नाना म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, केळीचे बागायतदार. गाडी पंधरा वर्षांची. मूळची धुळ्याची, म्हणून तिचं आजचं पासिंगही (धुरासकट सरकारी तपासणी) धुळ्यालाच. मावशीला गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही, आणि तिचा भाऊ बोदवडला अंथरुणाला खिळलेला. गाडी नापास झाली तर ती भंगारात जाणार आणि मावशीचं बोदवड सुटणार. मावशी मागच्या सीटवर गप्प बसली होती.

मला मेलीला भारी चौकशा. पाळधी मागे पडेपर्यंत मी इंजिनाकडेच कान लावून बसले. सकाळी थंड असताना गाडी बरी चालली. तापल्यावर अडखळायला लागली, समोर पिवळा दिवा लागला, मागून पेट्रोलचा उग्र वास.

"पेट्रोलच खराब असंल," नाना म्हणाले. वाटेत नवं भरलं, पण गचके तसेच.

एरंडोलला झाडाखाली डबा उघडला: वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली). जेवण होईपर्यंत इंजिन निवलं आणि गाडी शहाण्यासारखी निघाली. तापल्यावर पुन्हा तेच! आता मात्र मला चैन पडेना.

पारोळ्यात एक गॅरेज दिसलं. तिथल्या मेकॅनिक भाऊंनी आधी प्लग बदलले, व्यर्थ. मग स्कॅनर लावला. "ऑक्सिजन सेन्सर दखाडस," (दाखवतोय) ते म्हणाले. इंजिन तापलं की धुराच्या पाइपात बसून हा सेन्सर धूर हुंगतो आणि त्यावरून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरतं. नवा सेन्सर नाशिकहून उद्या येणार. पासिंगची वेळ तर आजची. मावशी पदर सारखा करून खिडकीबाहेर बघत राहिली.

"पण त्याला झालंय काय, ते तरी बघू या," मी म्हटलं.

गाडी वर उचलली. गरम पाइपाला काहीतरी करपलेलं चिकटलं होतं आणि सेन्सरची वायर तिथेच वितळली होती.

"नाना, हाई काय बांधेल शे?" (हे काय बांधलंय?) मेकॅनिक भाऊंनी विचारलं.

नाना वाकले. "केयीचं सोपट. म्याच बांधलं. वायर लोंबू राह्यली व्हती."

सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. असोद्यात तिने पानांचे भारे बांधतात, वेल बांधतात, फाटकही बांधतात. नानांनी सेन्सरची वायर बांधली! सोपट जळलं आणि वायर पाइपावर पडली.

मेकॅनिक भाऊंना हसू आवरेना. "सेन्सर चांगला शे. वायर बळी गयी." (जळून गेली.) त्यांनी जळका तुकडा कापून नवी वायर जोडली, पाइपापासून लांब लोखंडी पट्टीने आवळली. पिवळा दिवा विझला.

नाना हसले नाहीत. "माह्याच हातानं झालं," एवढंच पुटपुटले.

धुळ्याला तपासणीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, तेव्हा पडद्याकडे बघायचं नानांना धाडस होईना. मीच बघितलं आणि ओरडले, "पास!"

परतताना जळगाव आलं नि गेलं. मावशी दचकली. "अहो, असोद्याचा रस्ता मांगं राह्यला!"

"राहू दे. बोदवडले चाल. तुह्या भावाले भेटून घे."

"मोकया हातानं कशी जाऊ?" ती म्हणाली, आणि पुढच्याच फळांच्या हातगाडीपाशी गाडी थांबवायला लावली.

तिथून तिच्या तोंडाला जी धार लागली, ती बोदवड येईपर्यंत खळली नाही. भाऊ लहानपणी कसा होता, काय खायचा, कुठे लपायचा. मी सवयीने इंजिनाकडे कान लावला होता, पण तिच्या बोलण्यापुढे ते ऐकूच येईना, आणि मला फार बरं वाटलं.