फ्यूजवरची चांदी

नातवंडांनो, आज मिक्सरची वायर करपली आणि त्या वासाने मुलुंडची आमची जुनी मोटार आठवली, म्हणून लिहिते.

गाडीच्या दिव्यांचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून माझ्या सासऱ्यांनी त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती.

“आठवडाभर उडाला नाही बघ! चल, लग्नाला उशीर होतोय.”

कडेवर तुमचा तान्हा बाबा होता. “फ्यूज उडायलाच हवा, मामंजी. नाहीतर वायर पेटेल. बाळाला घेऊन मी बसणार नाही.”

“चार इंग्रजी बुकं वाचून मोटार कळते का गं?”

मी बॉनेट उघडून चांदी काढली आणि बसने गेले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला वायरीचं आवरण वितळलेलं सापडलं. त्याने नवी वायर घातली, तिला साजेसा फ्यूज बसवला.

तेव्हा मी उद्धट ठरले. आज वाटतं, फारच हळू बोलले. त्या करपलेल्या वायरीचा तुकडा अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.