चाकोरी मोडणारे धोंडे

बोर्ली पंचतन ते दिघी हा आमचा रस्ता जेमतेम सहा-सात मैलांचा. आता त्याला राज्यमार्ग म्हणतात. एकोणीसशे तीसनंतरच्या एका हिवाळ्यात त्यावर नवी खडी पडली, रूळ फिरला आणि मोटार सुरू करायचं ठरलं. मोटारमालकाची अट एकच: बैलगाड्यांच्या चाकांनी चाकोऱ्या पडल्या तर मोटार येणार नाही.

मोटारीची सगळ्यांत जास्त वाट आमची आई पाहत होती. माझी बहीण खाडीपलीकडे आगरदांड्याला दिलेली, तिला नुकताच मुलगा झालेला. आईची कंबर धरलेली, बैलगाडीचे दणके तिला सोसत नव्हते. मोटारीनं दिघी आणि तिथून होडी, नातू पाहायचा एवढाच मार्ग.

बैल पुढच्या गाडीची चाकोरी सोडत नाहीत. म्हणून रस्त्याच्या कामावरच्या ओव्हरसियरनं रस्त्यात नारळाएवढे धोंडे मांडले. गाड्या वळसे घेतील, रस्ता सगळीकडून सारखा दाबला जाईल, हा हिशोब. पण रोज सकाळी धोंडे कडेला गेलेले असत.

शेवटी एका सकाळी तो पाळतीवर राहिला. मीही गेलो. देवळातून परतणारी आमची आई काठीनं धोंडे ढकलत होती. समोरून, मशिदीकडून, शेजारचे दुकानदार चाचा तेच करत येत होते.

"आजी, ते मी मांडलेत!"

"तू? शिकलासवरलास नि वाटेत धोंडे टाकतोस? कोणाला ठेच लागली म्हंजे?"

चाचा म्हणाले, "साहेब, रस्त्यातला दगड हटवणं सवाबाचं, पुण्याचं काम हाय. भाभींनी एकटीनंच कमवायचा काय?"

"दोघांनीही कमवा," ओव्हरसियर वैतागला. "पण मोटार येणार नाही."

त्यानं कारण सांगितल्यावर आईनं एक धोंडा काठीनं परत जागी लोटला.

"मग हे असेच ठेवायचे?"

"नाही हो. रोज जागा बदलायची. नाहीतर वळशाचीच चाकोरी पडते. पुढच्या रस्त्याला मजूर आहेत, गावातल्याला माणूस कुठून आणू?"

"आम्ही न्हाय काय? हातभर सरकवायला कितीसा जोर लागतो! भावजी, मशिदीकडली बाजू तुमची."

गावापुरता रस्ता त्या दोघांनी राखला, पुढचा ओव्हरसियरच्या मजुरांनी. पावसाळ्याआधी मोटार आली. आई पुढच्या बाकावर, ड्रायव्हरशेजारी बसली.

"अरे, मघापासून एकाच अंगानं हाकतोस. जरा डावीकडनं घे की!"

"आजी, मोटार कोण चालवतंय?"

"मोटार तू चालव. रस्ता आमचा हाय."

तो हसला आणि दिघीपर्यंत खरोखर बाजू बदलत गेला. दुपारी आगरदांड्याला नातू आईच्या मांडीवर होता. परतीच्या होडीची वेळ मी दोनदा सांगितली. आईनं दोन्ही वेळा मला गप्प केलं, बाळ नुकतंच झोपलं होतं.