साहेब काय म्हणाले

आधी माफी मागतो. मला लिहिता येते असे आजवर कुणी म्हटलेले नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाचे बँकेचे पत्र — एवढेच लिहिण्याची सवय. स्वतःबद्दल चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. तरी लिहायला बसलो आहे, कारण जे सांगायचे आहे ते तोंडाने मी अजून कुणालाही सांगितलेले नाही. आईला नाही. खोलीतल्या मित्राला नाही. बारा दिवसांपूर्वी एक पत्र टाकले, तेवढेच. त्याचे पुढे येईल.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल, असे वाटते. बघू.

सौंदडला गाडीतून उतरले की पुढे काळीपिवळी जीपने जावे लागते, असे आमचे गाव. धानाचे गाव. पहिल्या लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद झाले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गोंदियाची खोली सोडून घरी आलो. ग्रामसेवकाकडे तीन गावे होती, तो आठवड्यातून एकदा यायचा. म्हणून गावच्या कोरोना समितीचे रजिस्टर माझ्या हातात आले. अक्षर चांगले, दुसरे काय?

सरपंच होत्या कौसल्याकाकी. जागा बाईसाठी राखीव होती. नवरा आधीच वारलेला, त्यामुळे त्यांच्या खुर्चीवर दुसरे कुणी बसत नव्हते — त्या स्वतःच बसत. सही करता यायची, सावकाश, एकेक अक्षर जोडत. वाचणे जमत नसे. मला म्हणायच्या, "तू वाच बाबू, मी ऐकते." आणि मी जे वाचेन ते त्या खरे मानायच्या. हे मला माहीत होते. हे लिहून ठेवतो — मला माहीत होते.

मे महिन्यात हैदराबादहून सात माणसे परत आली. बांधकामावर गेलेली आमच्याच गावची माणसे. दशरथभाऊ, त्यांची बायको सेवंता, दुसरीत शिकणारी पोरगी पिंकी, आणि चार तरुण. रस्त्यावर आडवा बांबू बांधला होता, त्याच्या पलीकडे ती सकाळपासून बसून होती. चौदा दिवस त्यांना ठेवायचे कुठे, एवढाच प्रश्न होता. शाळेत, की तलावाच्या पाळीवरच्या आमराईत?

काकी म्हणत होत्या, शाळेत. वर छत आहे, पंखा आहे, संडास आहे.

"शाळेत ठेवलं त समजा रोग गावात ठेवला," पोलीस पाटील म्हणाले.

"आपलेच लोक आहेत ना पाटील? त्याहिले पाळीवर कायले झोपवता? जनावरं आहेत का?"

"मंग तुमच्याच घरी ठेवा ना बाई!"

दोघेतिघे हसले. काकी हसल्या नाहीत. तासभर असेच चालले. ग्रामपंचायतीच्या त्या एका खोलीत आम्ही आठ जण होतो, तोंडाला गमछे, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून सरकून बसलेला. शेवटी कुणीतरी म्हणाले, तालुक्याच्या साहेबालेच विचारा. आमच्याकडे असेच आहे. साहेबाचा शब्द आला की बोलणे संपते. मग कुणाची हार होत नाही, कुणाची जीत होत नाही. सगळ्यांना ते बरे वाटले.

"बाबू बोलंन. कॉलेजवाला आहे, फाडफाड बोलंन साहेबासोबत."

काकींनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. आत रेंज नव्हती. मी मागच्या बाजूला, हातपंपाजवळ गेलो.

तुम्ही कधी साहेबाला फोन केला आहे? तुमच्यापैकी कितीतरी जणांना ही काय विचारण्याची गोष्ट, असे वाटेल. मी केला नव्हता. माझ्या बापाने केला नव्हता, आज्याने तर नाहीच. काय म्हणायचे ते मी मनात दोनदा जुळवले — "आदरणीय महोदय" इथून सुरुवात करावी की काय, इतका मी अडाणी होतो. तिसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला.

"हां, कोण?"

मी गावाचे नाव सांगितले.

"ते ठीक आहे. तुम्ही कोण? पद काय तुमचं?"

पद? मला पद नव्हते. मी म्हणालो, "मी... विद्यार्थी."

"मग सरपंचांना द्या ना फोन! इकडे सकाळपासून लाइन लागून आहे आणि तुम्ही—"

मी फोन कापला.

एवढेच झाले. त्या माणसाने शिवी दिली नव्हती. सरपंचांना फोन द्या, एवढेच म्हणाला होता, आणि सरपंच वीस पावलांवर बसल्या होत्या. वीस पावले. मी आत जाऊन म्हणालो असतो — काकी, तुम्हाला बोलवून राहिले — तर काय झाले असते? दोघे हसले असते. कॉलेजवाल्याची जिरली म्हणाले असते. ते हसणे मला सोसले नसते का?

मी पंपाजवळ तीनचार मिनिटे उभा राहिलो. बोलणे झाले असे वाटावे, एवढा वेळ. मग आत गेलो. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"काय म्हणते साहेब?"

"शाळेत नका ठेवू म्हणते," मी म्हणालो. "गावाबाहेर ठेवा म्हणते."

इथे थांबतो थोडा. कारण इथवर वाचून तुम्ही म्हणाल, पोरगा घाबरला, लाजला, खोटे बोलून गेला. कितीतरी वर्षे मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण खोटेच बोलायचे होते तर "शाळेत ठेवा" असेही बोलता आले असते ना? ते खोटेही तितकेच सोपे होते. मग "नका ठेवू" हेच कसे निघाले तोंडातून?

आमचे घर शाळेला लागून आहे. शाळेच्या पंपावरचेच पाणी आम्ही पितो. टीव्हीवर रोज माणसे मरत होती. मला भीती वाटत होती. मी सात माणसांच्या डोक्यावरचे छत काढले, ते लाजेने नाही — लाजेचा फक्त आडोसा झाला. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे ती माणसे नकोत, एवढेच मला हवे होते. आणि साहेबाच्या तोंडून मी ते करून घेतले.

काकींनी एकदा विचारले, "असं म्हणाले खरंच?"

"हो काकी."

मग मी रजिस्टर उघडले. ठराव लिहिला. आणि त्यात — हे कुणी सांगितले नव्हते, माझ्या मनानेच — असे लिहिले: "सरपंच यांनी दूरध्वनीवरून घेतलेल्या सूचनेनुसार." फोन त्यांचा होता, नंबर त्यांचा होता, म्हणजे नियमाने तसेच लिहायचे असते, असे मी मनाला समजावले. माझे नाव कुठेच आले नाही. खाली जिथे बोट ठेवले तिथे काकींनी सही केली. क ला काना-मात्रा देताना त्यांचा हात थांबला, मला आठवते. मी वाट पाहिली.

आमराईत बांबूच्या तट्ट्याच्या दोन झोपड्या बांधल्या. जेवण पाळीच्या टोकाला नेऊन ठेवायचे आणि मागे सरकायचे. खाली जमीन, वर वाळलेल्या फांद्या. काकी रोज जात, लांबून विचारपूस करत. मी दोनदा गेलो.

आठव्या दिवशी सकाळी सेवंताबाईचे ओरडणे ऐकू आले. दशरथभाऊंना गिळता येत नव्हते. पोट दुखत होते, पापण्या खाली पडत होत्या, आणि श्वास — श्वास घेता येत नव्हता. श्वास म्हटल्याबरोबर सगळा गाव मागे सरला. पन्नास पावलांवर आम्ही उभे. मीही. कुणी म्हणाले, आला शेवटी कोरोना, बरे झाले शाळेत नव्हते. पिंकी बापाच्या पायाला धरून बसली होती, आणि तिला तिथून उठवायलाही कुणी पुढे झाले नाही. काकी निघाल्या होत्या, त्यांना दोघांनी धरून ठेवले. रुग्णवाहिका आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. गोंदियाच्या रस्त्यातच दशरथभाऊ गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी सेवंताबाईला एकच प्रश्न विचारला — जमिनीवर झोपत होता का? मण्यार साप चावला होता. मण्यार चावली तर माणसाला झोपेत कळतसुद्धा नाही, टोचल्यासारखी खूणही दिसत नाही. चार दिवसांनी कोरोनाचा रिपोर्ट आला. त्यात काही नव्हते.

शाळेला सिमेंटचा ओटा आहे, चार पायऱ्या चढून जावे लागते. खिडक्यांना जाळ्या आहेत. मी त्याच शाळेत शिकलो.

पुढे निर्बंध उठले आणि ग्रामसभा झाली. तालुक्याचे साहेब स्वतः आले होते. सेवंताबाई उभी राहिली, पदर तोंडाशी धरून, आणि म्हणाली, "माह्या माणसाले शाळा कायले नाही देली?"

काकी म्हणाल्या, साहेबाचा फोन होता.

साहेब चिडले. असा फोन आमच्याकडून कुणालाही गेलेला नाही, उलट शाळा द्या असेच सगळ्यांना सांगितले होते, रजिस्टर आणा — म्हणाले. रजिस्टर माझ्याच मांडीवर होते. मीच नेऊन दिले. त्यांनी मोठ्याने वाचले: "सरपंच यांनी दूरध्वनीवरून..." आणि काकींकडे पाहिले. "बाई, कुणाशी बोललात तुम्ही? नाव सांगा."

त्या दिवशी खोलीत असलेले सगळे तिथेच होते. कुणी बोलले नाही. त्यांनाही आमराईच हवी होती. आता काकींच्या नावावर गोष्ट मिटत होती. पण ते माझ्या खोट्याबद्दल जाणत नव्हते. जाणणारा मी एकटा. काकींनी माझ्याकडे पाहिले. किती वेळ? मला सांगता येणार नाही, कारण मी पेनाचे टोपण लावत होतो. लागलेले टोपण काढून मी पुन्हा लावत होतो.

"सही त माहीच आहे ना साहेब," काकी म्हणाल्या.

मागून कुणीतरी म्हणाले, "सरपंच होऊन खोटं बोलते ही बाई." सेवंताबाई खाली वाकली, मूठभर माती उचलली आणि काकींच्या दिशेने फेकली. माती काकींच्या लुगड्यावर पडली. त्यांनी ती झटकलीही नाही.

पाच वर्षे झाली. काकी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पंपावर बाया त्यांना "फोनवाली" म्हणतात. आधी मागून म्हणत, आता तोंडावरही म्हणतात. सेवंताबाई त्यांच्या गल्लीत पाय ठेवत नाही. आणि मी? मी एम.ए. झालो, आता बी.एड. करतो आहे. सुट्टीत घरी गेलो की काकी विचारतात, "पेपर चांगले गेले ना बाबू?" फोन कुणाला लावला होतास, हे त्यांनी एकदाही विचारलेले नाही. का नाही विचारत? त्यांना कळले आहे का? की माझ्यावर अजून विश्वास आहे? यातले कोणते जास्त वाईट, हे ठरवत मी किती दिवस काढले.

बारा दिवसांपूर्वी सगळे पत्रात लिहिले. पंपाजवळचे, फोन कापल्याचे, आमच्या घराच्या भिंतीचे, रजिस्टरातल्या ओळीचे — सगळे. पत्रच का? पत्रात वजन असते, असे स्वतःला सांगितले. खरे असे की पत्राच्या दुसऱ्या टोकाहून "तुम्ही कोण?" असे कुणी लगेच विचारत नाही. काकींना वाचता येत नाही, हे मला पाठ होते. म्हणजे कुणाला तरी ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे लागणार. माझ्या वाटचे बोलणे पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडी जाणार. कुणाच्या, हा विचार मी केला नाही. की केला नाही, असे आज म्हणतो आहे?

काल दुपारी कॉलेजच्या जिन्यात होतो, तेव्हा आईचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता. कसलाच नव्हता.

"कौसल्याबाईले तू चिठ्ठी पाठवली होती का?"

मी हो म्हणालो.

"मी तेथंच बसली होती बाबू, तांदूळ निवडत. पोस्टमन देऊन गेला. बाई खुश झाली, म्हणे आपल्या बाबूचं अक्षर आहे. दशरथची पिंकी येते तिच्याइथं शाळेतून आल्यावर, मायले न सांगता. सातवीत आहे आता, वाचते चांगली. बाईनं तिलेच देली वाचाले."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"तिच्या बापाचं आलं तेथं पोट्टी थांबली. बाई म्हणे, दे बेटा, राहू दे. पोट्टीनं देली नाही. पुरी वाचली. खाली तुझं नाव होतं, तेही वाचलं."