हुंगा आणि जिंका

जगातले झाडून सगळे पराभव नाकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघावा हे आमच्या घराण्याचं नशीब. आतोबा अंबरनाथच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्याआधी, लढाईच्या काळात, ते कल्याणच्या लष्करी छावणीत मलमपट्ट्या करायचे. तिथे एका गोऱ्या सोल्जरने मुष्टियुद्धाला उभं राहण्याआधी खिशातून बाटली काढून हुंगली, डोळे वटारले आणि समोरच्याला पहिल्याच ठोशात आडवा केला. समोरचा गडी आदल्याच दिवशी तापातून उठला होता, हेही आतोबाच सांगायचे. पण त्याचा निकालाशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनाला शिवलं नाही. पुढे देश स्वतंत्र झाला, छावणीत सिंधी निर्वासित आले, तिचं उल्हासनगर झालं. आतोबांच्या डोक्यातला सोल्जर मात्र बाटली हुंगत उभाच राहिला.

बाटली ते स्वतः बनवायचे. नवसागर, कळीचा चुना, पाण्याचे चार थेंब आणि वर जरा निलगिरी, तीही "सुवासासाठी"! आत्या हा उद्योग स्वयंपाकघरात करू देत नसे, म्हणून तो मागच्या पडवीत चाले, आणि त्या दिवशी शेजारपाजारचे लोक दारंखिडक्या लावून बसत. घट्ट बुचाच्या कुप्या ते उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी अत्तरवाल्याकडून आणत. त्या भल्या माणसाने एकदा भरलेल्या कुपीचा वास घेतला, दुकानाबाहेर जाऊन तीनदा शिंकला आणि डोळे पुसत परत येऊन म्हणाला, "साईं, अत्तर तो आदमी को पास बुलाता है. ये किसलिए बनाया?" आतोबांनी ही तारीफ समजून त्याला एक कुपी फुकट दिली.

"अरे, मेंदू म्हणजे झोपलेला घरधनी," ते मला ऐकवायचे. "दारावर थाप मारल्याशिवाय उठेल का तो? नाक हे त्याचं दार!" कारखान्याचे डॉक्टर म्हातारे आणि सरळ होते. ते म्हणायचे, "अहो, त्याने बळबिळ काही येत नाही. नाक झोंबतं, माणूस दचकतो आणि मोठा श्वास घेतो. तुम्ही दचकण्यालाच बळ समजता." यावर आतोबा मान डोलवायचे आणि डॉक्टर बाहेर पडले की म्हणायचे, "शिकलेला माणूस आहे. त्याला नाही कळायचं."

मग काय, आली संधी की लाव बाटली! मॅट्रिकला बसलेल्या भाच्याला हुंगवली. त्याच्या गणिताच्या पेपरावर पाण्याचेच डाग पडले. भजनाच्या चढाओढीत बुवांना हुंगवली. बुवांनी असा सूर लावला की तो उतरवायला दोघे लागले. मांजर्लीच्या शर्यतीत एका शेतकऱ्याच्या बैलाला हुंगवली. बैल धावला, खोटं कशाला बोलू? पण धावला तो थेट नदीकडे, आणि पाण्यात नाक बुडवून उभा राहिला तो दिवस कलल्यावरच बाहेर आला. आतोबांचं म्हणणं, "वेग बघितलास ना? दिशा ही मालकाची जबाबदारी."

हे सगळं हसण्यावारी गेलं. काळूचं प्रकरण मात्र हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं.

काळू बारवीकडच्या एका पाड्यावरचा. कारखान्यात बदली कामगार, म्हणजे रोज पहाटे पायपीट करून फाटकाशी यायचं आणि कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर आल्या पावली परत. घरी म्हातारी आई, बायको, दोन पोरं. मी हजेरीपुस्तकाचा कारकून असल्यामुळे त्याचं परत जाणं मलाच रोज बघावं लागे. पण हुतूतूत काळूसारखा दम साऱ्या पंचक्रोशीत कोणाचा नव्हता. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "कुळगाववाल्यांना हरवून ढाल आणा, काळूला कायम करतो."

सामना असा रंगला म्हणता! दोन्हीकडे सारखे गुण आणि शेवटची चढाई काळूची. तेवढ्यात कुळगावच्या एका गड्याचा पाय मुरगळला, पंचांनी खेळ थांबवला आणि औषधाची पेटी घेऊन आतोबा मैदानात शिरले. पाय बांधला. येता येता रेषेपाशी थांबून त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

"कंपाउंडरदादा, माना नको ह्ये," काळू मागे सरकत म्हणाला.

"गप! पोराबाळांचा धनी तू. ओढ श्वास!"

वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्याने ओढला. पंचांची शिट्टी झाली. काळू "हुतूतू, हुतूतू" करत आत घुसला, दोघांना शिवला, वळला. रेषा हातभर राहिली असेल, तोच त्याला ठसका लागला. अहो, ज्या खेळाचा सगळा जीव दमात, त्या खेळाच्या गड्याला नाकातोंडाचं पाणी करणारं औषध! दम तुटला, कुळगावच्या चौघांनी त्याला धरला, ढाल कुळगावला गेली. काळू मैदानात बसून राहिला. मला आतोबांचा असा संताप आला की नातं विसरून मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते औषधाची पेटी तिथेच टाकून घरी चालू लागले, तेव्हा मात्र मी घाबरलो.

आतोबांनी जन्मात कधी "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं. आत्याला तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी हजेरीपुस्तक घेऊन साहेबांपुढे उभा असताना ते कोटाची सगळी बटणं लावून आत आले.

"साहेब, काळूचा दम तुटला नाही. मी तोडला. शिक्षा मला करा, त्याला कायम करा."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्याला नको होतं ना? मग दिलंत कशाला?"

आतोबांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "तो कुठे घाबरला होता साहेब? मीच घाबरलो होतो. हरला तर त्याच्या घरी काय शिजेल, हाच विचार माझ्या डोक्यात होता. काहीतरी करावंसं वाटलं."

काळू कायम झाला. आतोबांना मैदानात पाऊल टाकायची बंदी झाली.

पुढच्या वर्षी ढाल आम्ही आणली, शेवटची चढाई काळूचीच. मी धावत दवाखान्यात गेलो. आतोबा एकटेच बसले होते. समोर औषधाच्या बाटल्या, त्यांवर चिकटवायच्या मात्रेच्या कागदी पट्ट्या, कात्री. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम.

"आतोबा, जिंकलो!"

"ठाऊक आहे. त्याचं हुतूतू इथवर ऐकू येत होतं." ते धापा टाकत होते. "त्याच्याबरोबर मीही दम धरून बसलो होतो रे. पण छे! माझा आधीच तुटला. तो आपला चालूच."

एवढं बोलून ते हसले, आणि मग कितीतरी वेळ त्यांना हातातली पट्टी बाटलीवर सरळ चिकटवताच येईना.