बकरीसाठी पाला

मोताळ्याच्या आठवडी बाजारात ती बाई मला नेहमी दिसायची. इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, खांद्याला पर्स. शाळेत शिकवत असावी. भाजीवाले फुलकोबीचा पाला तोडून बाजूला टाकत, त्या ढिगापाशी ती बसायची. एकेक देठ कानाजवळ नेऊन मोडायची. कट्‌कन आवाज आला तर पिशवीत, नाही तर परत ढिगात.

"बकरीसाठी का, मॅडम?" भाजीवाला विचारायचा.

"हाव, बकरीसाठीच."

एवढी चोखंदळ बकरी मी पाहिली नव्हती. एकदा तिच्या शेजारी बसून विचारलंच, "तुमच्या बकरीला जून देठ चालत नाही का हो?"

तिने भाजीवाल्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नाही ना. अन् लसणाची फोडणी नसली त तोंडच लावत नाही. देठ बारीक चिरजा, वरून बेसन पेरजा."

त्या रात्री आम्ही दोघं नवरा-बायको भाकरीशी तीच भाजी जेवलो. कढई पुसून खाल्ली.

पुढच्या बाजारी ती दिसली नाही. मी एकटीच ढिगापाशी बसले आणि देठ कानाजवळ नेला.

"ताई, तुमच्या घरीबी बकरी हाय का?" भाजीवाल्याने विचारलं.

"हाव," मी म्हणाले, "दोन आहेत."