मशीन बघायला गेले आणि तेच बंद पाडलं

मैत्रिणींनो, दुपारपासून मन खातंय, म्हणून लिहितेय.

आमची संस्था गरजू बायकांना शिलाई मशीन देते. त्यावर त्यांना खरंच काम मिळतं का, हे बघणं माझी नोकरी. आज चिकलठाण्यात रुखसानाआपांकडे गेले. घर लख्ख. मशीन पुसून, वर क्रोशाचं झाकण घातलेलं. जमिनीवर दोऱ्याचा तुकडासुद्धा नाही. मनात म्हटलं, हे नुसतं शोभेला ठेवलंय.

चहा झाला. माझे प्रश्न चालू होते, तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक बाई दारात आली. "आपा, पोरीची हळद आज हाय. ब्लाऊज कुठंय?"

आपांनी पलंगाखालून गाठोडं ओढलं. ब्लाऊज नुसता कापलेला होता. "या म्याडम येनार होत्या ना. पसारा नको म्हनून सकाळपासून मशीनला हातच नाय लावला."

'सकाळपासून घरी थांबा, सगळं नीटनेटकं ठेवा,' असा मेसेज मशीन मिळालेल्या बायकांच्या ग्रुपवर मीच टाकला होता. आणि पोचले दुपारी!

"ऱ्हाऊ द्या, दुसरीकडं बघते," म्हणत ती बाई गाठोडं उचलून गेली.

आपांनी मशीनवरचं झाकण काढून मला विचारलं, "फोटोसाठी चालवून दाखवू का?"

मी हो म्हणाले. शिवायला कापड उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी रिकामंच मशीन चालवलं.

फोटो छान आलाय. त्याखाली काय लिहू, सांगा.