सांधा झाकलेलं चाक

चुंबकांच्या चाकावर पंखा चालतो, मिक्सर चालतो, अख्खं घर चालतं, असा एक व्हिडिओ मी फोनवर पाहिला आणि मला तो पटला. लोक हसतात, हसू देत. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं विजेच्या मोटारी वाइंड केल्या, म्हणजे आत तांब्याची तार गुंडाळली. चुंबक कसा ओढतो, कसा ढकलतो हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, बोटांतून कळलंय. म्हटलं, ढकलतोय ना? मग ढकलतच ठेवला तर चाक फिरत का राहणार नाही?

रविवारी जेवताना जावयाला सांगितलं. तो मूळचा पुण्याचा, आता आमच्याच शहरात एचएसआर लेआउटला राहतो, काम कॉम्प्युटरवर. म्हणाला, "बाबा, असं नसतं. बेसिक फिजिक्स आहे. चुंबक जेवढं देतो तेवढं परत घेतो."

"तू कधी चुंबक हातात धरलायस?"

"तसा नाही, पण…"

"मग आमटी घे."

त्यानं आमटी घेतली. वर पुढच्या रविवारी ऑफिसातल्या मेलेल्या हार्ड डिस्क पिशवीभर आणून दिल्या. आतले चुंबक नखाएवढे, पण असे जहाल की दोहोंच्या मध्ये बोट सापडलं तर काळंनिळं व्हायचं. त्याचं मोठं मन मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटलं, हरला.

बसवनगुडीत आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली एक कन्नड बाई एकट्या असतात. वयानं माझ्याहून मोठ्या, तरी मला अण्णा म्हणायच्या, आम्ही त्यांना अक्का. त्यांना दमा आहे. औषधाची वाफ ओढायचं मशीन आहे घरात, ते विजेवर चालतं. उन्हाळ्यात करंट गेला की त्या मशीन मांडीवर घेऊन वाट बघत बसायच्या. माझ्या चाकाची बातमी जिन्यानं खाली गेलीच. एकदा विचारलं त्यांनी, "अण्णा, तुमच्या सूजीगल्लूवर माझं मशीन चालेल?" सूजीगल्लू म्हणजे चुंबक. सुईचा दगड.

मी म्हटलं, "मशीन काय घेऊन बसलात, घर चालवून देतो."

सायकलच्या चाकाच्या कडेनं चुंबक बसवले, लाकडी चौकटीवर त्यांच्यासमोर दुसरे. चाक फिरायचं. अडीच फेरे, कधी तीन. आणि दर वेळी एका जागी येऊन बैलानं पाय रोवावेत तसं थांबायचं. जो चुंबक पुढे ढकलायचा, तोच जवळ येताना अडवायचा. कोन बदलले, अंतरं बदलली, मध्ये पत्रा घातला. चार महिने गेले. बायको म्हणायची, "झाले ना अडीच फेरे? आता जेवा."

पण येत्या रविवारी चाक फिरवून दाखवतो, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. तारेला तार जोडून डाग दिला की वरून नळी सरकवण्याआधी तो सांधा सुपरवायझरला दाखवायचा. कारण कच्चा सांधा झाकला तर मोटार आतल्या आत जळते. सांधा हा शब्द मी तिथं नेला, आणि नोडी म्हणजे बघा, हा तिथल्या लोकांचा. दोन्ही जोडून सगळी लाइन ओरडायची, "सांधा नोडी!" तमिळ माणूससुद्धा. तेहतीस वर्षांत माझी एक मोटार परत आली नाही, हे मी घरात इतक्या वेळा ऐकवलंय की बायकोला पाठ आहे.

त्या रविवारी सकाळी मी चौकटीखालच्या पाटात पोकळी कोरली आणि स्कूटरची बॅटरी आत बसवली. चाकाच्या आसात मावेल एवढी मोटार स्वतः वाइंड केली होती. ती मात्र झकास झाली होती, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौकटीच्या पायातून तारा नेल्या, सांधे नळीत घातले, वरून भुसा आणि सरस लिंपला. मनाला म्हटलं, आजच्यापुरतं. चाक एक दिवस फिरणारच आहे, मी फक्त आधी दाखवतोय.

चाक फिरलं. छोटा दिवा लागला, हाताएवढा पंखा गरगरला. मुलीनं टाळ्या वाजवल्या. जावई वाकून चौकटीमागे बराच वेळ बघत राहिला, मग उठून म्हणाला, "मस्त, बाबा." अक्कांनी तर चाकाला हात जोडले.

सगळे गेल्यावर बायको कपबशा विसळता विसळता म्हणाली, "आज सांधा नोडी म्हणाला नाहीत."

"गप बस."

ती गप्प बसली. तिनं बसायला नको होतं असं आता म्हणतो, पण बसवलं मीच.

दोन दिवसांनी दूध घेऊन जिना चढत होतो. अक्कांच्या दारात यूपीएस बसवणारा माणूस उभा, जड बॅटरी उंबऱ्याशी ठेवलेली. त्यांच्या भाच्यानं पाठवला होता. करंट गेला तरी मशीन चालू राहावं म्हणून. अक्का त्याला म्हणत होत्या, "बेडा, बेडा." म्हणजे नको. "वरचे अण्णा मला चक्र करून देणार आहेत. त्याला करंटच लागत नाही."

"असलं काही नसतं, अज्जी."

"तू पाहिलंयस? मी डोळ्यांनी पाहिलंय."

त्या माणसानं माझ्याकडे मान वळवली. "तुम्हीच का ते?"

मी पायरीवर उभा होतो. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. मी म्हटलं, "स्वल्प वेळ लागेल. होईल." त्यानं बॅटरी उचलून परत गाडीत ठेवली. ती जाईपर्यंत मी बघत होतो.

पुढच्या महिन्यात, भर दुपारी, करंट गेला. खालून भांडं आपटल्याचा आवाज आला, मग अक्कांची हाक. तुटक तुटक. "अण्णा… चक्र… तन्नी." चक्र आणा. बायको धावत खाली गेली. मी चाकासमोर उभा. ती बॅटरी दिव्यापंख्यापुरती होती, मशीन तिच्यावर चाललंच नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खालून बायको ओरडली, "चाक राहू द्या तुमचं! ऑटो बघा!"

ऑटोत मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून. मागं अक्कांचं डोकं बायकोच्या खांद्यावर, ओठ निळसर. त्यांचा श्वास घासत होता, बेअरिंग गेलेल्या मोटारीसारखा. तो आवाज मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखत आलोय. दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई मला घरचाच समजून ओरडल्या, "यांच्या घरी यूपीएस नाही? अहो, जीव गेला असता!"

तिसऱ्या दिवशी अक्का घरी आल्या. भेटायला गेलो तर त्याच म्हणाल्या, "माझंच चुकलं, अण्णा. तुमचं काम पुरं झालं नव्हतं, मी घाई केली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वर गेलो, चाक उचललं, खाली आणलं. पटाशीनं सरस फोडला, नळ्या चिरल्या, पाट उलटा करून बॅटरी त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "चुंबक काही करत नव्हते, अक्का. सगळं हिच्यावर होतं."

त्यांनी तारेला बोट लावून बघितलं. मग विचारलं, "यूपीएसवाला आला, तेव्हा तुम्ही जिन्यात होतात."

"होतो."

"तेव्हा ठाऊक होतं."

"होतं."

"सरी," त्या म्हणाल्या. ठीक आहे. मग हळूच, "हे उचला, सार. पायात येईल." ऑटोवाल्याला, बँकेतल्या माणसाला, कुणालाही म्हणतात ते सार. त्यानंतर मी अण्णा झालो नाही.

जावयालाही फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. सरस ओला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही परत आमटी वाढली असतीत."

हसलो दोघं. पण तो गप्प बसला तो मला जपायला, आणि मीसुद्धा मलाच जपायला. अक्कांना जपायला कुणीच नाही.

आता त्यांच्याकडे यूपीएस आहे. बसवताना मी मदतीला गेलो होतो, तर म्हणाल्या, "बेडा सार, तो करेल." तरी करंट गेला की मी खाली उतरतो. दार वाजवत नाही. आतून मशीनची घरघर ऐकू आली की वर येतो.

बायको म्हणते, "यूपीएस चालतोय की नीट. कशाला जिने चढता-उतरता? गुडघे बघा तुमचे."

मी म्हणतो, गुडघे माझे आहेत.